खालच्या बांधीचा माणूस

आमच्या जिल्ह्यात संकटाच्या आधी बैठक येते. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, बशीत चार काजू, भिंतीवर नकाशा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेलं वाक्य : ‘यंत्रणा सज्ज आहे.’ हे वाक्य वाचलं की मी आधी ताडपत्री शोधायला लागतो.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 मध्ये आला. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, नियंत्रण कक्ष आहे, पावसाळ्याआधी बोट फिरवून रंगीत तालीम होते आणि तिचे फोटोही छापून येतात. कोणी काही करत नाही, असं माझं म्हणणं मुळीच नाही. सगळे करतात. प्रत्येक जण आपल्या अंगावर आलेली अनिश्चितता झटकतो आणि खालच्याच्या अंगावर टाकतो, आणि या एका कामात आमच्याकडे कधी दिरंगाई होत नाही. धानाच्या बांध्या उतरत्या असतात. वरच्या बांधीत पाणी फार झालं की धुरा फोडायचा, पाणी खालच्या बांधीत. तिथून आणखी खाली. सगळ्यात खालच्या बांधीवाल्याला फोडायला धुराच उरत नाही.

धान खरेदीचंच घ्या. भाव दिल्लीत ठरतो; 2025-26 साठी साधारण धानाला क्विंटलला 2,369 रुपये. खरेदी मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या नावानं होते, तोलाई गावपातळीवरची संस्था करते. ओलावा 17 टक्क्यांपर्यंत चालतो. आमच्या भागातल्या एका केंद्रावर मी माझा नंबर यायची वाट पाहत होतो. बारदाना संपलेला. ग्रेडर म्हणाला, ‘उद्या या भाऊ.’ ट्रॅक्टर भाड्याचा, म्हणून धान तिथेच मैदानात ओतलेलं. रात्री आभाळ आलं. तोललेल्या कट्ट्यांवर ताडपत्री होती. न तोललेल्या ढिगांवर, ज्याची त्याची असेल ती. सकाळी मॉइश्चर मीटरनं कोणाचीही भीडमुर्वत ठेवली नाही : ओलावा जास्त, वाळवून आणा. काट्यावर चढेपर्यंत पाऊस शेतकऱ्याचा, काट्यावरून उतरल्यावर सरकारचा. आणि काट्यावर कधी चढायचं, ते बारदाना ठरवणार.

या साखळीतला प्रत्येक जण नाडलेला आहे, हे मला मान्य आहे. पडून राहिलेलं धान वाळतं, वजन घटतं, म्हणून संस्था घट-तूट वाढवून मागतात. नाही मिळाली तर खरेदी बंद. मिलरला क्विंटलमागे 67 किलो तांदूळ द्यायचा असतो. तो म्हणतो इतका उतारा पडत नाही, भरडाईचा दर वाढवा. नाही वाढवला तर उचल बंद. गोदाम भरलेलं, म्हणून केंद्र बंद. ज्याच्या त्याच्या हातात ‘बंद’ आहे. शेतकऱ्यानं काय बंद करायचं? रोवणी?

मग चुकारे. डिसेंबरात दिलेल्या धानाचे पैसे कधी येतील, हे सांगायला कोणी तयार नसतं. बँकेची तारीख मात्र पक्की असते : 31 मार्च. त्या तारखेच्या आत पीककर्ज फेडलं तर व्याज सवलतीच्या योजनेत तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज. योजना उत्तम आहे, नावही पंजाबराव देशमुखांचं. आता गंमत पाहा. सरकारकडे माझे पैसे अडकलेले, म्हणून मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या सावकाराकडे जातो, शेकडा-महिन्याच्या व्याजानं पैसे उचलतो, बँकेत भरतो आणि शून्य टक्के व्याजाचा लाभार्थी होतो. अहवालात मी ‘नियमित परतफेड करणारा’. सावकाराचा अहवाल कोणी मागत नाही.

बोनसचा खेळ तर त्याहून वरचा. 2022 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात हेक्टरी 15,000 जाहीर झाले, 2023 ला 20,000, दोन हेक्टरची मर्यादा. पैसे नाकारावेत इतका मी शहाणा नाही. पण यंदा मिळणार की नाही, किती, कधी, हे पेरणीच्या वेळी का सांगता येत नाही? पाऊस तरी निसर्गाच्या हातात आहे. ही अनिश्चितता तर माणसांनी मुद्दाम राखून ठेवलेली आहे, कारण आधी सांगितलं तर घोषणेला टाळ्या पडत नाहीत.

विम्याबद्दल लिहायला बसलो तर अंक पुरणार नाही. एक रुपयातला पीक विमा 2023 ला आला, 2025 ला गेला. नुकसान झालं की 72 तासांत कळवा, असा त्यात नियम होता. ज्या पावसानं बांधी बुडते त्याच पावसानं लाइन जाते, टॉवरही जातो, हे नियम करणाऱ्याच्या गावी नसावं. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर. साठ पडला तर तो नुसता पाऊस. सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्के हवं. तीस टक्के बुडालेला शेतकरी बुडालेला नसतो.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगा चढली. मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी बालाघाट ओलांडून आमच्याकडे येतं. ते काही चोरपावलानं येत नाही. तरी नदीकाठची गावं गाफील सापडली आणि नंतर दोन राज्यांत वाद रंगला तो खबर कोणी कोणाला केव्हा दिली याचा.

त्याच वर्षीचा मार्च आठवा. 24 तारखेला रात्री आठला टाळेबंदीची घोषणा, बाराला देश बंद. काही दिवसांत देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गावर डोक्यावर बोचकी घेतलेल्या रांगा लागल्या. मोठमोठ्या कंपन्यांनी म्हणे तेव्हा अनिश्चिततेचं उत्तम व्यवस्थापन केलं. केलंच. कंपनीनं ठेकेदाराला सांगितलं, ठेकेदारानं मुकादमाला, मुकादमानं फोन बंद केला. उरलेलं व्यवस्थापन रायपूर-बिलासपूरच्या बायाबापड्यांनी पायांनी केलं. वाटेवरच्या गावांतल्या लोकांनी भात शिजवून वाढला, त्यासाठी कोणाची बैठक झाली नव्हती.

पूर्वी इथे दुसरी रीत होती, आणि ती बाहेरून आलेल्या सल्लागारानं शिकवलेली नव्हती. कोहळी लोकांनी या मुलखात तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलानं बांधला, असं सांगतात. वरच्या तलावाचा सांडवा भरला की पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, तिथून बांधीत. तुडुम केव्हा उघडायचं, कोणाला आधी पाणी, हे पाणकर बघायचा. पाऊस दडला तर टंचाई वाटून घ्यायची, जास्त झाला तर पाळ राखायला अख्खं गाव रात्री बाहेर. पावसाचा भरवसा तेव्हाही नव्हता, पण तो एकट्याच्या माथी मारला जात नव्हता. मालगुजार काही संत नव्हते. वेठबिगारी होती, पाण्यातही जातपात होती, आणि मालगुजारी गेली त्याचं मला सुतक नाही. पण 1951 मध्ये मालकी हक्क गेले तेव्हा तलाव सरकारजमा झाले आणि पाळ राखणारा गाव एका रात्रीत अर्जदार झाला. नाव उरलं ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी मामा तलाव. काही पाटबंधारे खात्याकडे, बाकीचे जिल्हा परिषदेकडे, गाळ सगळ्यांत. कित्येकांच्या पोटात आज बेशरम माजली आहे. झाडाचं नाव आहे ते, कोणी अंगाला लावून घेऊ नये. ती उपटून, पाणवनस्पती लावून काही तलाव पुन्हा जिवंत केले ते अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर बायांनी. त्यांच्या हाताला चिखल होता, लेटरहेड नव्हतं.

आणि आम्हालाच कार्यशाळेत बसवून जोखीम कशी विभागावी ते शिकवतात! अरे, आम्ही अर्धं हलकं, अर्धं भारी धान लावतो ते कशासाठी? उभ्या धानात लाखोळी फेकतो ती कशासाठी? उन्हाळ्यात मोह वेचतो, तेंदू तोडतो, तेवढ्यानं भागलं नाही तर मिरची तोडायला तेलंगणात जातो. टाळ्या वाजवून ‘आमचा शेतकरी किती चिवट’ म्हणणाऱ्यांनी एकदा विचारावं, त्याला इतकं चिवट व्हायला लावलं कोणी?

मागणं फार मोठं नाही. टोकन दिलं त्या तारखेपासून धान सरकारचं. त्यानंतर भिजलं तर सरकारचं भिजलं. चुकारा थकला तर 31 मार्चनंतरचं व्याज थकवणाऱ्यानं भरावं. बोनस द्यायचा असेल तर मृगाच्या आत सांगावा. तलावाची दुरुस्ती कोणत्या खात्याची, हे एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीत लावावं. यावर बैठक बोलवायला माझी हरकत नाही. काजूचं बिल तेवढं आमच्या सातबाऱ्यावर चढवू नका.