विझणाऱ्या फर्नेसची कैफियत

उत्तर अमेरिकेच्या ज्या प्रांतांत हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली उतरतो, तेथे घराच्या तळघरात बसवलेल्या गॅसच्या फर्नेसवर साऱ्या कुटुंबाचे स्वास्थ्य अवलंबून असते. आणि म्हणूनच ती पेटते, क्षणभर जळते, विझते, पुन्हा पेटते व पुन्हा विझते असा प्रकार ऐन जानेवारीच्या मध्यरात्री सुरू झाला म्हणजे न्यू जर्सीत वा टोरोंटोत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी गृहस्थाच्या मनात जो संताप उसळतो, तो समजण्यासारखा आहे. मात्र त्या संतापाचा रोख चुकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वारंवार बंद पडणारी फर्नेस बहुधा हुकूम मानण्यास नकार देत असते, आणि हा नकाराधिकार अनेक अपघातांनंतर, पूर्ण विचारांती, तिला बहाल करण्यात आलेला आहे.

या यंत्राचा व्यवहार जुन्या कचेरीतील कारभारासारखा चालतो. एका मेजावर रुजुवात झाल्याखेरीज कागद दुसऱ्या मेजावर सरकत नाही. थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी केली की प्रथम धूर बाहेर ओढणारा लहान पंखा फिरू लागतो. तो खरोखरच हवा ओढतो आहे अशी साक्ष प्रेशर स्विचने दिली म्हणजे मग इग्नायटर लालबुंद होतो, गॅसची झडप उघडते, बर्नर पेटतात, आणि ज्योत प्रत्यक्ष लागल्याचा दाखला काही सेकंदांच्या आत मिळाला तरच झडप उघडी राहते. घरभर गरम हवा खेळवणारा मोठा ब्लोअर त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने सुरू होतो. यांपैकी कोठेही हरकत निघाली की गॅस तत्काळ बंद, आणि तोच प्रकार चारदोन वेळा घडला की सारा कारभारच काही काळ तहकूब. म्हणून ‘फर्नेस बंद पडते’ एवढीच फिर्याद कारागिराच्या फारशा उपयोगाची नसते. ती नेमकी कोणत्या टप्प्यावर बंद पडते, हे ज्याने पाच मिनिटे शेजारी उभे राहून पाहिले, त्याने निम्मे निदान स्वतःच केलेले असते.

बर्नर व्यवस्थित पेटून तीन-चार सेकंदांतच विझत असतील, तर संशय प्रथम फ्लेम सेन्सरवर घ्यावा. हा सेन्सर म्हणजे ज्योतीत बुडालेली एक बारीक सळई. ज्योतीतून वीज वाहू शकते, आणि विशेष म्हणजे एका दिशेने ती अधिक सुलभतेने वाहते. या गुणाचा लाभ घेऊन सळईतून जाणारा अवघा काही मायक्रोअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या काही दशलक्षांश भागांचा, प्रवाह मोजला जातो आणि त्यावरून ज्योतीचे अस्तित्व मान्य केले जाते. कालांतराने सळईवर डोळ्यांना जेमतेम दिसेल असे पांढुरके पुट चढते, प्रवाह क्षीण होतो, आणि मग ज्योत धडधडून जळत असताही दप्तरी तिची नोंद होत नाही! वीज आणि गॅस दोन्ही बंद करून, एक स्क्रू काढून, ती सळई बारीक स्टील वूलने हलकेच घासून पुसली की पुष्कळदा काम भागते. इतक्या क्षुल्लक सबबीवर अख्खी फर्नेस बदलण्याची तजवीज सुचवणारे विक्रेते या व्यवसायात आहेत; त्यांना मायक्रोअँपिअरचा आकडा मीटरवर दाखवा असे शांतपणे म्हणावे, आणि मगच कोटेशनचा कागद हाती घ्यावा.

याउलट फर्नेस काही मिनिटे उत्तम जळून बर्नर विझतात, पण ब्लोअर मात्र वारा घालतच राहतो, असे दिसले तर लिमिट स्विचने अतिउष्णतेची दखल घेतली, असे समजावे. येथे अपराधी बहुधा धुळीने चोंदलेला फिल्टर असतो. ज्या खोल्या वापरात नाहीत त्यांचे झरोके बंद करून गॅस वाचवण्याची जी काटकसर आपली मंडळी मोठ्या निष्ठेने करतात, तीही याला हातभार लावते. कारण हवेचा मार्ग आखडला की उष्णता यंत्रातच कोंडते आणि बचतीऐवजी दुरुस्तीचे बिल येते. उच्च कार्यक्षमतेच्या फर्नेसमध्ये धुरातील बाष्पाचे पाणी होते. त्या पाण्याची नळी तुंबली, किंवा भिंतीबाहेर काढलेल्या प्लॅस्टिकच्या नळाचे तोंड बर्फाने बुजले, तर प्रेशर स्विच हरकत घेतो, आणि अशा वेळी खरे हत्यार म्हणजे बर्फ उपसण्याचे फावडे.

ही सारी कैफियत यंत्र स्वतःच मांडत असते. त्याच्या दारावरील छोट्या काचेमागे एक दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूस चिकटवलेला असतो. दिवाणखान्यातील थर्मोस्टॅट उद्याचे हवामान सांगू शकतो. त्याच घराच्या तळघरातील हरकत मात्र गृहस्थाने विजेरी घेऊन, वाकून, दिव्याची उघडझाप मोजून समजून घ्यावी, ही उत्पादकांची उदासीनता मला अक्षम्य वाटते.

आता मर्यादेचा प्रश्न. फिल्टर, झरोके, बाहेरचा नळ, पाण्याची नळी, फार तर ती सळई, येथवर गृहस्थाचा अधिकार पोहोचतो असे मी मानतो. ‘कशालाही हात लावू नका’ हा उपदेश मला भ्याडपणाचा वाटतो. पण हरकत घेणाऱ्या स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून त्याचे तोंड बंद करणे, किंवा ज्वाळा बर्नरबाहेर पसरल्या म्हणून ट्रिप झालेला रोलआउट स्विच पुनःपुन्हा दाबून बसवणे, हा निव्वळ अविचार होय. धूर आणि घरातली हवा यांना अलग ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरला तडा गेला असेल किंवा धुराचा मार्ग बंद असेल, तर त्या जोडलेल्या तारेच्या कृपेने कार्बन मोनॉक्साइड निजलेल्या घरात शिरेल. आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवते. कार्बन मोनॉक्साइडप्रमाणेच नैसर्गिक वायूलाही मुळात वास नाही. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत 18 मार्च 1937 रोजी इमारतीखाली साचलेल्या गॅसचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जीव गेले, त्यांत बहुतांश मुले होती, आणि त्यानंतर गॅसमध्ये उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्ती तेथे झाली. कार्बन मोनॉक्साइड ज्वलनातच जन्मतो, त्यामुळे त्यात आधी काही मिसळण्याची सोय नाही. त्याच्यासाठी शयनगृहाबाहेर सूचक यंत्र लावावे लागते.

हे सर्व साता समुद्रांपलीकडचे म्हणून येथील वाचकाने सोडून देऊ नये. आपल्या फ्लॅटच्या बंद न्हाणीघरातील गॅस गीझर हे त्याच कुळातले यंत्र. गॅस गीझरमुळे गुदमरून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांत हिवाळ्यात अधूनमधून येतात, आणि दोन दिवसांत विसरल्याही जातात. मध्येच विझणाऱ्या गीझरला शिव्या देत तो पुनःपुन्हा पेटवणारा, थंडी लागते म्हणून खिडकीच्या काचा चिकटपट्टीने बुजवणारा, आणि ‘तेवढे ऑटो-कट काढून टाका’ असे मेकॅनिकला फर्मावणारा गृहस्थ पुण्यातही भेटतो, नाशकातही. गीझर न्हाणीघराबाहेर, खुल्या बाल्कनीत लावून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणावा, आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव करून त्याची अंमलबजावणी घरोघर तपासावी, अशी माझी सूचना आहे. तेवढे नळकाम होईपर्यंत खिडकीच्या काचा काढून ठेवाव्यात, दार सताड उघडे ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, आणि मगच आत जाऊन कडी लावावी.