सातबाऱ्यापाशी अडलेली समानता

समलिंगी जोडप्यांच्या विवाहहक्काचा खटला दिल्लीत चालला, म्हणून मालवण, कुडाळ किंवा सावंतवाडीत वकिली करणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असा समज आपल्यात रूढ आहे. तो चुकीचा आहे. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने ठरवले, विशेष विवाह कायद्यात या जोडप्यांना जागा देण्यास नकार दिला आणि प्रश्न कायदेमंडळावर सोपवला. 9 जानेवारी 2025 रोजी पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. परिणामी, आयुष्यभर एका छताखाली संसार केलेल्या दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष कायद्याच्या लेखी एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. या निकालाची झळ प्रत्यक्षात बसते ती दुय्यम निबंधक कार्यालयात आणि गावच्या फेरफार नोंदवहीत, आणि तिथे पक्षकाराच्या शेजारी आपणच उभे असतो.

लग्नाची मान्यता कशाला हवी, चार कागद नीट केले की झाले, हा आपल्या व्यवसायातला नेहमीचा आक्षेप. तो तपासून पाहू. मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, की ते संपते. म्हणजे जोडीदाराला त्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ते निरुपयोगी ठरते. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि दोन साक्षीदार पुरतात. पण आपल्या जिल्ह्यात मालमत्ता म्हणजे मुख्यतः आंबा-काजूची कलमे, माडाची बाग, भाताचे कुणगे. कूळकायद्याचे कलम 63 शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ देत नाही, आणि गुजरातेत लागू असलेल्या याच 1948 च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये मृत्युपत्रालाही ही मनाई लावली. कधी शेत न पाहिलेल्या पत्नीला तीच बाग वारसाहक्काने मिळते; बागेत राबलेला जोडीदार शेतकरी खातेदार नसेल तर त्याला मृत्युपत्रानेही मिळत नाही. राहते घर पत्नीला बक्षीस द्यायचे तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, जोडीदाराला द्यायचे तर बाजारमूल्याच्या टक्क्यांत. शिवाय पन्नास हजारांवरच्या भेटीवर आयकर. या कराच्या भेदभावाविरुद्धची याचिका 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आहे. आणि कागद केलाच नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा दूरच्या भाऊबंदांपर्यंत वारस शोधत जातो, कोणीच न सापडल्यास मालमत्ता सरकारजमा करतो. जोडीदाराचे नाव त्या यादीत कुठेही येत नाही.

केंद्राने 2024 मध्ये संयुक्त बँक खाते, खात्यावरील नामनिर्देशन आणि शिधापत्रिका यांबाबत अशा जोडप्यांच्या बाजूने सूचना काढल्या. त्यांचे स्वागतच आहे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे आपण पक्षकारांना रोज सांगतो. तरीही या सूचनांनी एक गोष्ट सिद्ध केली: नाते कागदावर मान्य केल्याने कोणतीही व्यवस्था कोसळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर कोणत्याही प्रौढ व्यक्तीला, नात्याची अट न घालता, आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा आधीच दिलेली आहे.

समाज तयार नाही, हा दुसरा आक्षेप. 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा मिळाला, तेव्हा तरी समाज कुठे तयार होता? आजही बहिणींकडून हक्कसोडपत्रे लिहून घेतली जातातच. कायदा थांबला असता, तर तो हिस्सा आजही मिळाला नसता. अशा जोडप्यांची संख्या नगण्य आहे, असेही म्हटले जाते. कलम 377 टिकवताना सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हाच युक्तिवाद स्वीकारला होता. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने तो नाकारला. जुन्या कायद्याकडे बोट दाखवणेही टिकत नाही: बांद्यापलीकडे गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता विवाह भिन्नलिंगी व्यक्तींपुरताच ठेवते. ती संहिता देणाऱ्या पोर्तुगालने मात्र 2010 मध्येच समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

हा संसदेचा विषय आहे, असे म्हणून हात झटकणेही योग्य नाही. विवाहाची पूर्ण समानता संसदेनेच द्यावी, ही आमची निःसंदिग्ध भूमिका आहे. परंतु शेतजमीन आणि मुद्रांक शुल्काचे दर हे राज्यसूचीतले विषय आहेत. कूळकायद्यातील मनाईला जोडीदारासाठी अपवाद करणे आणि 200 रुपयांच्या मुद्रांक शुल्काची सवलत घोषित जोडीदाराला देणे, ही दोन्ही कामे महाराष्ट्र विधिमंडळ दिल्लीची वाट न पाहता करू शकते.

समलैंगिकतेसारख्या विषयांवर वाचकांना मोकळी उत्तरे दिल्याबद्दल ‘समाजस्वास्थ्य’चे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर 1934 मध्ये खटला भरला गेला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला; पण त्या न्यायालयात मांडलेला विचार आज घटनेच्या भाषेत बोलला जातो. आता ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात, आपल्या आवाक्यात आले आहे. जिल्ह्यातील प्रत्येक वकील संघटनेने वरील दोन दुरुस्त्यांचा ठराव करून तो आपल्या आमदारांकडे पाठवावा, आणि असे जोडपे दाराशी आले तर त्यांचे काम कुठलीही कुजबुज न होऊ देता, पूर्ण तयारीने करावे.