अंगणातला दिवा कुणासाठी?



दसरा झाला की आपल्या गल्लीत दोन विषय हमखास निघतात. फराळाला सुरुवात कधी करायची, आणि यंदा घरावर रोषणाई किती करायची. हल्ली त्यात तिसरा विषय आला आहे, चोऱ्यांचा. दिवाळीत माणसं गावाला जातात, घरं बंद असतात, म्हणून अंगणात मोठा फ्लडलाइट लावून तो रात्रभर चालू ठेवावा असं बहुतेक घरांतल्या पुरुषमंडळींचं म्हणणं पडतं. मला ते पटत नाही. अंगणातला दिवा असो नाहीतर दिवाळीच्या माळा, त्या मोशन सेन्सरवर असाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस आलं की दिवा लागावा, माणूस गेलं की थोड्या वेळानं विझावा.

यात वीज वाचते, ते मी पुढे सांगतेच. पण माझं मुख्य कारण विजेचं बिल नाही.

रात्रभर दिवा जळतो त्या घरी सकाळी अंगण कोण झाडतं? आपणच. दिव्याखाली काय पडलेलं असतं ते म्हणूनच आपल्याला चांगलं माहीत आहे. दिवाळी येते ती पावसाळा नुकताच सरलेला असताना. आपला चातुर्मासही संपलेला नसतो. शेतात भात उभं असतं, गवत वाढलेलं असतं. हिरवे तुडतुडे, चिलटं, पतंग, पाखरं नुसती उसळलेली असतात. याच जिवांची हिंसा होऊ नये म्हणून आपण दिवस मावळायच्या आत चूल आवरतो, पाणी गाळून घेतो, धान्य निवडून घेतो. आणि तेच जीव अंगणात एका दिव्यापायी शेकड्यांनी मरतात, त्याचा हिशेब मात्र कुणी धरत नाही.

पतंग चतुरिंद्रिय जीव, हे आपण पाठशाळेत शिकलो. त्याला स्पर्श, रस, गंध यांच्यावर चौथं इंद्रिय मिळालं ते डोळ्यांचं, आणि दिव्यापाशी तेच त्याला फसवतं. २०२४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात यावर एक अभ्यास आला. संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचं उडणं टिपलं. त्यांना असं दिसलं की किडा दिव्याच्या ओढीनं सरळ त्याच्याकडे झेपावत नाही, तो उजेडाकडे पाठ करून उडायला बघतो. मोकळ्या रानात रात्रीही वरचं आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे पाठ उजेडाकडे ठेवली की किडा सुलटा राहतो. आपला दिवा मधेच लागला की त्याला वर-खाली कळेनासं होतं आणि तो दिव्याभोवतीच फिरत राहतो. म्हणजे तो हौसेनं येत नाही, अडकतो. मग दमून खाली पडतो नाहीतर पालीच्या तोंडी जातो. दिवा मिनिटभरात विझला, तर त्याला सुटायची वाट मिळते.

काही जणी म्हणतील, संसारात थोडी हिंसा होणारच, आपण काही आर्यिका नाही. खरं आहे. म्हणून तर श्रावकांसाठी अणुव्रतं आणि गुणव्रतं वेगळी सांगितली. त्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. ज्यातून आपलं काही काम होत नाही अशी हिंसा टाळायची, एवढंच ते व्रत सांगतं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिले आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, झाडपाला तोडणं हे सगळं त्यात येतं. आता सांगा, पहाटे तीन वाजता रिकाम्या अंगणात जळणारा दिवा कशात मोडतो? सासूबाई रात्री उठून मागच्या दारी जातात, त्यांचा पाय अडखळू नये म्हणून लागलेला दिवा कामाचा. त्या घरात येऊन झोपल्यावर तोच दिवा तासन् तास जळला, तर तो अनर्थदंड.

विजेचा प्रकाश सचित्त की अचित्त, यावर आपल्यातच दोन मतं आहेत. त्या वादात मी पडत नाही. पण पतंगाला जीव आहे यावर दोन मतं नाहीत, आणि माझं म्हणणं तेवढ्यावरच उभं आहे.

आता चोरांचं. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे दोन दिवसांनी कुणी बघतसुद्धा नाही. शेजारच्या काकींच्या डोळ्यांना त्याची सवय होते. अंधारात अचानक उजेड झाला, तर मात्र जाग्या माणसाची मान आपोआप वळते. कुलूप लावून गावाला गेलेल्या घराचं तर आणखी एक आहे. लावून ठेवलेला दिवा भर दुपारीही जळताना दिसतो, आणि आत कुणी नाही हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला कळतं. घरचे कारखान्यात रात्रपाळीला गेल्यावर एकट्या राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत. फाटकाशी हालचाल झाली हे त्यांना खिडकीतूनच कळतं, दार उघडून बघावं लागत नाही. माझ्या दृष्टीनं हा मोठा आधार आहे. अर्थात सेन्सर म्हणजे राखणदार नव्हे. तो मांजरालाही दिवा लावतो. कडी, कुलूप आणि चांगला शेजार लागतोच.

हे यंत्र चालतं कसं, तेही समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी काहीही गळ्यात मारणार नाही. घरगुती दिव्यांत बहुधा पीआयआर सेन्सर असतो. तो स्वतः कसलेही किरण सोडत नाही. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता समोरून सरकली की त्याला ते कळतं. बारीक किड्यांनी तो सहसा लागत नाही, कारण त्यांची उष्णता फारच थोडी. पण कोळ्यानं त्याच्या काचेवरच जाळं केलं, तर तो उगाच लागत राहतो. म्हणून जाळं धरायच्या आधीच अधूनमधून मऊ ब्रशनं ती जागा हलकेच पुसून घ्यावी. दुसरा प्रकार मायक्रोवेव्ह किंवा रडार सेन्सरचा. तो लहरी सोडून हालचाल टिपतो आणि वाऱ्यानं हलणाऱ्या फांदीलाही भुलतो. झाडं असलेल्या अंगणाला पीआयआर बरा.

सेन्सर सात-आठ फूट उंचीवर लावावा. माणूस त्याच्या दिशेनं सरळ चालत आलं तर त्याला उशिरा कळतं, आडवं गेलं तर चटकन कळतं. म्हणून फाटकापासून दारापर्यंतची वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशी जागा निवडावी. त्याचं तोंड रस्त्याकडे नको, नाहीतर प्रत्येक मोटारसायकलीला दिवा लागेल. शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीकडे उजेड जाईल असाही तो लावू नये. बहुतेक सेन्सरवर तीन बटणं असतात. एक दिवा किती वेळ लागावा याचं, एक किती अंधार पडल्यावर चालू व्हावा याचं, आणि एक किती लांबचं टिपावं याचं. दुसरं बटण नीट लावलं नाही, तर दिवसाही दिवा लागतो. ऐन उन्हाळ्यात हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सरला लांबचं कमी कळतं. ते बिघडणं नव्हे. बाहेर लावायचा दिवा आयपी ६५ दर्जाचा घ्यावा आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. त्याच वेळी एक साधं बटणही शेजारी बसवून घ्या. अंगणात खुर्ची टाकून शांत बसलेल्या आजींना सेन्सर ओळखत नाही, कारण त्या हलतच नाहीत!

बल्ब मात्र पिवळसर उजेडाचा घ्या. तीन हजार केल्विन किंवा त्याहून कमी असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पांढऱ्याशुभ्र, निळसर दिव्यावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी.

आता विजेचा हिशेब. तीस वॅटचा दिवा संध्याकाळी सात ते सकाळी सहा जळला, तर महिन्याला जवळजवळ दहा युनिट होतात. तोच सेन्सरवर रात्रीत तीस वेळा एकेक मिनिट लागला, तर सेन्सरची स्वतःची वीज धरूनही एक युनिटच्या आत भागतं.

राहिली दिवाळी. आचार्य जिनसेनांनी इ.स. ७८३ मध्ये रचलेल्या हरिवंशपुराणात महावीर भगवंतांच्या निर्वाणानिमित्त पावानगरी दिव्यांनी उजळल्याचं आणि त्यावरून दीपालिका साजरी होऊ लागल्याचं वर्णन आहे. दिवे आपल्या परंपरेतच आहेत, ते लावू नका असं मी म्हणत नाही. सांजेचा दिवा हातानंच लावावा, आणि तो काचेच्या हंडीत ठेवावा म्हणजे ज्योतीवर जीव पडत नाही. आकाशकंदील घरातली माणसं जागी आहेत तोवर असावा. गच्चीवरच्या आणि कुंपणावरच्या माळा मात्र सेन्सरला जोडाव्यात आणि त्याचा वेळ पाच-दहा मिनिटांचा ठेवावा. नाहीतर पाहुणे दारात बोलत उभे असतानाच अंधार व्हायचा. फाटक उघडताच सगळं अंगण उजळलं, तर आलेल्याला आपल्यासाठीच दिवे लागल्यासारखं वाटतं. त्यात पाहुणचार कमी पडतो असं मला तरी वाटत नाही. माणूस दिसताच गाणं वाजवणाऱ्या आणि लकलकणाऱ्या माळा मात्र नकोत. म्हातारी माणसं दचकतात, मुकी जनावरंही बिथरतात.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. सेन्सर आहे, आता वीज कुठे जळते, असं म्हणून दोनाच्या दहा माळा आणल्या, तर सगळं मुसळ केरात. परिग्रहाचं परिमाण आधी, यंत्र नंतर. घरात आहेत त्याच माळा वापरा.

निर्वाण लाडू चढवायला आपण अमावास्येच्या पहाटे अंधारातच निघतो. हातात द्रव्याचं ताट, नेसूची नवी साडी, सोबत लहान मुलं. चार हात पुढची जमीन बघून पाय टाकावा ही ईर्यासमिती मुनिराजांची, पण तिचा थोडा अंश आपल्यालाही पाळता येतो, आणि त्याला उजेड लागतोच. त्या वेळी आपण उंबरा ओलांडताच अंगणात दिवा लागावा, वाटेवरची मुंगी दिसावी, आणि आपण मंदिराच्या वाटेला लागलो की तो विझावा. दिवाळीला अजून दिवस आहेत. वायरमनला आत्ताच सांगून ठेवा, वसुबारसेनंतर तो कुणालाच सापडत नाही.