टिक केलं, म्हणून सुटले?

पाऊस सुरू झाला की ग्रुपवर मेसेज फिरतोच: भिवपुरी नाहीतर खोपोलीचा झेनिथ धबधबा, वन डे ट्रिप, नाश्ता-जेवणासह. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात 'स्वतःच्या जबाबदारीवर'. आपण टिक करून मोकळे. पण आयोजकही मोकळा? तेवढ्या एका ओळीने नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतला निष्काळजीपणा ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्रुटीच.

कोवळमच्या एका हॉटेलच्या तरणतलावात २००६मध्ये पाहुणा बुडाला. तिथल्या जीवरक्षकाला बारचंही काम दिलेलं होतं! सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये साडेबासष्ट लाखांची भरपाई कायम ठेवली.

धबधब्याचा डोह तर तलावाहून बेभरवशाचा. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली पाणी बघता बघता चढतं. म्हणून तर कर्जत-खालापुरात पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात. ते ठाऊक असूनही तिकडे नेणाऱ्याने नंतर 'पोरांनी ऐकलं नाही' म्हणून हात झटकू नयेत.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: तिथे बंदी आहे का? लाइफ जॅकेट, दोर, पट्टीचा पोहणारा सोबत आहे का? उत्तर टाळलं, तर ट्रिप कॅन्सल. धबधबा कुठे पळून जात नाही.