घरचं धनुष्य चालेल का?

१९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाची माणसं तिरंदाज शोधत उदयपूरच्या आदिवासी पट्ट्यात गेली. चाचणीला आलेल्या पोरांत सरादीत गावचा लिंबाराम होता. वय पंधरा. रानात तित्तिर टिपता टिपता नेम बसलेला आणि धनुष्य घरचं, बांबूचं. पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकला गेला. १९९२ मध्ये बीजिंगच्या आशियाई तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण मिळवून त्यानं जागतिक विक्रमाची बरोबरी केली, तेव्हा त्याच्या हातात रिकर्व्ह होतं. पण चाचणीच्या दिवशी कुणी त्याला आधी स्पर्धेचं धनुष्य घेऊन यायला सांगितलं असतं, तर तो तिथूनच घरी परतला असता.

मुंबई उपनगरात स्थानिक स्पर्धा भरवणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न दोन वाटांनी येऊ शकतो. पार्ल्यापासून आरेतले वारली पाडे फार लांब नाहीत. पालघर-डहाणूकडची मुलंही शिक्षणासाठी इकडे येतात. त्यातल्या एखाद्याच्या घरी आजोबांचं धनुष्य असतं. दुसरीकडे परदेशातल्या नातेवाइकानं आणलेलं शिकारीचं कंपाउंड माळ्यावर पडून असतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, त्यामुळे या दोन्ही धनुष्यांना आता लक्ष्यफलक हेच ठिकाण उरलं आहे. नोंदणीच्या टेबलापाशी दोघंही एकच विचारणार: हे चालेल का?

बांबूच्या धनुष्याला आपल्याकडे हक्काची जागा आहे. इंडियन राऊंड हा प्रकार त्याच्यासाठीच आहे: लाकूड किंवा बांबूचं धनुष्य, साइट नाही, स्टॅबिलायझर नाही, अंतरं ५० आणि ३० मीटर. राष्ट्रीय स्पर्धांत त्याची पदकंही दिली जातात. तरीही पुष्कळ प्रशिक्षक या प्रकाराकडे रिकर्व्हची पायरी म्हणून बघतात आणि मुलाच्या हातून बांबू लवकर कसा सुटेल याची घाई करतात. ही घाई चुकीची आहे. साइटशिवाय ५० मीटरवर बाण एका ठिकाणी पाडणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते पिकायला वेळ लागतो.

जगातही साध्या धनुष्याचा मान टिकला आहे. फील्ड तिरंदाजी शिकारी धनुर्धरांच्या सरावातूनच वाढली आणि तिची जागतिक स्पर्धा १९६९ पासून होते. तिथल्या बेअरबो गटाचा नियम संयोजकांनी ध्यानात ठेवावा: दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडण्यांसकट १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून गेलं पाहिजे. पत्र्याचं एक कडं केलं की तपासणी एका मिनिटात होते आणि वादही मिटतो.

शिकारीच्या कंपाउंडची गोष्ट थोडी वेगळी आहे. जागतिक संघटनेची कमाल मर्यादा ६० पाउंडांची आहे, तर शिकारीची धनुष्यं सर्रास ७० पाउंडांपर्यंत जातात. लिंबचे बोल्ट सैल करून ताण खाली आणता येतो, पण किती फेरे सोडायचे ते त्या धनुष्याच्या माहितीपत्रकात पाहूनच. बॅटरीवर उजळणारी साइट चालत नाही, दिवा काढावा लागतो. बाणाच्या नळीचा व्यास ९.३ मिलिमीटरच्या आत हवा. आणि पात्याचं शिकारी टोक मैदानावर आणूच नये. ते बट्रेस फाडतं आणि बाण उपटणाऱ्याचा हातही. एवढं जमलं तर आखूड धनुष्य म्हणून हिणवायचं कारण नाही. ते लांब धनुष्यापेक्षा हाताच्या चुका जास्त दाखवतं, इतकंच.

खरी गफलत बहुतेकदा बाणांत असते. धनुष्य साधं आहे म्हणून गुण कमी पडतात असं समजून नवखा उसनवारी करून नवं धनुष्य घेतो आणि बाण मात्र तेच सहा, प्रत्येकाची जात निराळी. बांबूच्या धनुष्यावर बाण मधोमध बसत नाही, मुठीच्या बाजूला टेकतो. सोडताना तो कंबरेत वाकून मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. सहाही बाण सारखे वाकले तर सारखे जातील. हे घरी तपासता येतं. बाण दोन टेकूंवर आडवा ठेवावा, मध्ये ठरावीक वजन टांगावं आणि तो किती झुकला ते पट्टीनं मोजावं. सराफाच्या काट्यावर वजन करावं. जो बाण वेगळा निघेल तो सरावाला ठेवावा, स्पर्धेला नेऊ नये. मग पिसं नसलेला एक बाण जवळून मारून बघावा: उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याचा असा बाण डावीकडे गेला तर तो ताठ आहे, उजवीकडे गेला तर लवचिक. या कामाला एक रविवार लागतो आणि खर्च जवळजवळ नाही.

दोरीवर नॉक बसायची जागा दोरा गुंडाळून पक्की करावी. आपल्या दमट हवेत दोरी ताणते, म्हणून मूठ आणि दोरी यांतलं अंतर दर फेरीआधी मोजावं.

शिकाऱ्याचा एक बाण आणि स्पर्धेतले बाण यांत फरक आहे तो अंगमेहनतीचा. धनुष्याचा ताण ४५ पाउंड असेल तर प्रत्येक बाणाला सुमारे २० किलो ओढावे लागतात. ७२ बाणांच्या फेरीत खांदा आणि पाठ मिळून जवळजवळ दीड टन ओढतात. रानातल्या सवयीनं जड धनुष्य मिरवणारा चाळिसाव्या बाणाला थरथरतो. प्रशिक्षकानं ते धनुष्य बदलायला न सांगता आधी बाणांची संख्या हळूहळू वाढवावी.

आता जागेबद्दल. बट्रेसमागे मोकळं ठेवून ५० मीटरची रेषा आखता येईल असं मैदान पार्ल्यात रविवारी क्रिकेटच्या हातून सोडवणं अवघड आहे. पण इनडोअरला १८ मीटर आणि ४० सेंटिमीटरचं फलक लागतं. एखाद्या शाळेच्या मोठ्या सभागृहात, मागे जाळी बांधून, तेवढं बसू शकतं. साताऱ्यात उसाच्या शेतात आखलेल्या रेषांवर घडलेली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे त्याच स्पर्धेत अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारून जिंकला. दोघंही कंपाउंडचे, पण इमारत नाही म्हणून थांबलेल्यांना ही उदाहरणं पुरेशी आहेत.

तेव्हा येत्या मोसमात प्रवेशपत्रिकेवर इंडियन राऊंड आणि बेअरबो हे दोन रकाने छापले जावेत, फी भरण्याआधी वाचता येतील असे साहित्याचे नियम मराठीत चार ओळींत द्यावेत आणि तपासणी स्पर्धेच्या सकाळी न ठेवता आदल्या शनिवारी संध्याकाळी ठेवावी, म्हणजे ज्याचं काही अडलं असेल त्याला रात्रभरात बोल्ट सैल करायला किंवा बाण बदलायला वेळ मिळेल.