"आदेश मोडीन" हे उत्तर

माझा भाचा फायरमनचा सहा महिन्यांचा कोर्स करून आला आणि एका कारखान्याच्या अग्निशमन विभागातून त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. धावणं, दोर चढणं, पाठीवर माणूस घेऊन पळणं यात तो पक्का आहे. घाबरला होता तो "अशा वेळी तुम्ही काय कराल?" या प्रश्नांना. "मामू, तुम्ही साहेब व्हा आणि विचारा," म्हणाला.

मी विचारलं, आत मूल रडतंय आणि अधिकाऱ्यानं सगळ्यांना बाहेर यायला सांगितलंय. काय करशील?

"आदेश मोडीन. जीव गेला तरी बेहत्तर."

सिनेमात याला शिट्ट्या पडतील. माझ्या मते असं म्हणणाऱ्याला नोकरी देऊ नये. तो आत अडकला की त्याला शोधायला आणखी दोघं जाणार, हे त्यानं धरलेलंच नाही. भिंतीला गेलेला तडा बाहेरच्या अधिकाऱ्याला दिसतो, धुरात रांगणाऱ्याला दिसत नाही. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. आयुष्यभर आगीशी झुंजलेली माणसं होती ती. हिंमत कमी पडली असं कोण म्हणेल?

मग मूल रडत राहू द्यायचं? तेही नाही. आवाज कुठल्या मजल्यावरून, कुठल्या खोलीतून येतोय, हे लगेच वॉकीटॉकीवर सांगायचं. खिडकीला शिडी लावता येईल का, विचारायचं. तरीही नकार आला, तर बाहेर यायचं. त्यानंतर कित्येक रात्री झोप लागणार नाही, हे मुलाखतीत बोलून दाखवलं तरी बिघडत नाही.

दुसरा प्रश्न ठरलेलाच असतो. जळालेल्या घरात तुझ्या सहकाऱ्यानं सोन्याची साखळी खिशात टाकली. काय करशील?

"ताबडतोब तक्रार करीन."

पोरगं गाईड पाठ करून आलं होतं. अरे, पण त्यानं ती घरमालकाला द्यायला म्हणून उचलली असेल तर? आधी त्यालाच विचार, आणि तिथंच विचार, गाडी निघायच्या आत. "चल, दोघं मिळून साहेबांच्या हातात देऊ," म्हण. नाही म्हणाला तर मात्र तू एकटा जाऊन सांग. उद्या तोच तुझ्यामागे होज धरून उभा असणार आहे, म्हणून हे जड जाईल. पण ज्यानं कुलूप तोडलं त्याचेच लोक आभार मानतात, असा दुसरा धंदा नाही. मोहल्ल्यात एकदा "आग विझवायला आले आणि कपाट साफ करून गेले" असं पसरलं, की पुढच्या वेळी बाई आधी दागिने गोळा करेल आणि मग तुम्हाला आत घेईल. त्या वेळात घर जळतं.

मग मी गाईडात नसलेला प्रश्न टाकला. साखळी उचलणारा तुझा अधिकारीच असेल तर?

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "त्याच्या वरच्याला सांगेन. पण भीती वाटेल, मामू."

हे दुसरं वाक्यही सांग, म्हटलं. ते ऐकून गुण कापणाऱ्यांना पाठांतर करणारीच पोरं हवी असणार. मुलाखतीत सगळे हरिश्चंद्र व्हायचे आणि ठाण्यात सगळे गप्प बसायचे, हे अशाच निवडीतून होतं.

त्याची अम्मी आतून ओरडली, "नोकरी लागू द्या आधी!" तिचंही चूक नाही. घरात दोन वर्षं कुणाचा पगार नाही. मुलाखत सोमवारी आहे.