डोळे चांगले, तरी लेकरू बघत का नाही?

डॉक्टर म्हणतात, डोळे चांगले आहेत. आई म्हणते, लेकरू माझ्याकडं बघतच नाही. दोघांचंही खरं असू शकतं.

डोळ्यांनी टिपलेल्याचा अर्थ मेंदूत लागतो. बाळ जन्मताना उशिरा रडलं, दिवस भरण्याआधी जन्मलं, रक्तातली साखर फार उतरली, झटके आले किंवा मेंदूज्वर झाला, तर मेंदूच्या त्या भागाला इजा होऊ शकते. त्यामुळं बघण्यात येणारी अडचण म्हणजेच मेंदूजन्य दृष्टिदोष.

असं लेकरू दिव्याकडं टक लावतं, चेहऱ्याकडं बघत नाही. वस्तू हलली की दिसते, थांबली की हरवते. खुळखुळ्याकडं बघून मान दुसरीकडं वळवतं आणि मग हात पुढं करतं. सकाळी दिसलेलं संध्याकाळी दिसत नाही. हे सोंग नव्हे, हट्ट नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच.

यावर थेंब किंवा ऑपरेशन नाही, पण लहान वयात योग्य सराव मिळाला तर बघणं सुधारू शकतं. नक्षीदार चादरीवर दहा खेळणी मांडणं म्हणजे औंढ्याच्या शिवरात्रीच्या गर्दीत ओळखीचा चेहरा शोधायला लावणं. त्यापेक्षा गडद, साधी चादर अंथरा, टीव्ही बंद करा, एकच पिवळी वाटी ठेवा. ती हळूच हलवा आणि गप्प थांबा. नजर वळायला वेळ लागतो. मध्येच हाका मारू नका. जेवताना रोज तोच लाल चमचा, अंघोळीला तोच मग वापरा. जवळ जाताना आधी नाव घ्या, मग हात लावा. डोळ्यांवर टॉर्च मारू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं. सेनगाव, कळमनुरी, वसमत, तुम्ही कुठलेही असा, अंगणवाडीताईंना पथकाचा दिवस विचारा. जिल्हा रुग्णालयात पाठवायला सांगा आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. चष्मा लागला तर लावा. झटक्यांचं औषध मनानं बंद करू नका. ऊसतोडीला निघालात तर जन्माचे कागद आणि फाईल सोबत न्या.

शाळेचं वय झालं की गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांना भेटा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर २०१६ च्या कायद्यानं ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

आजपासून एक वही घाला. लेकरानं काय बघितलं, कोणत्या रंगाचं, किती अंतरावरून, किती वेळानं, ते लिहा. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे दिसणार नाही, ते या वहीत असेल.